नुरूमधील वाकाती लूप: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नुरू ही स्वाहिली शब्दांवर उभी असलेली प्रोग्रामिंग भाषा आहे. तिच्यात व्हाइल लूपसाठी, म्हणजे अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या रचनेसाठी, ‘वाकाती’ हा शब्द वापरतात. हा लूप शिकताना अडचण येते ती बहुतेक वेळा स्वाहिलीमुळे नव्हे, तर ओळींच्या क्रमामुळे. मोजणी वाढवणारी ओळ चुकीच्या जागी पडते, सुरुवातीची किंमत लूपच्या आत लिहिली जाते किंवा अट एका पायरीने कमी-जास्त होते, आणि प्रोग्राम एक तर थांबतच नाही किंवा चुकीचे उत्तर देऊन निमूटपणे संपतो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्यात पडद्यावर चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही. या लेखात दिलेला क्रम न मोडता एकेक टप्पा प्रत्यक्ष टंकून पाहावा, आणि टप्प्याच्या शेवटी दिलेली तपासणी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या लेखातील सर्व नमुने वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर मात्र शब्द रोमन लिपीत आणि अंक इंग्रजी पद्धतीनेच टंकायचे आहेत. स्पेलिंग कसे करायचे ते दुसऱ्या टप्प्यात अक्षरवार सांगितले आहे.

## टप्पा १: यंत्र आणि फाईल तयार करणे

नुरूचा इंटरप्रिटर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम वाचून चालवणारे साधन, लिनक्स, विंडोज आणि अँड्रॉइडवरील टर्मक्स (फोनवर टर्मिनल देणारे ॲप) या तिन्हींवर चालतो. तो बसवल्यानंतर टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून ‘नुरू’ (एन, यू, आर, यू), एक रिकामी जागा, मग आडवी रेघ आणि ‘व्ही’ हे अक्षर असे टंकावे. आवृत्तीचा क्रमांक दिसला म्हणजे इंटरप्रिटर नीट बसला आहे. आज्ञा सापडत नाही असा संदेश आला, तर इंटरप्रिटर ज्या फोल्डरमध्ये ठेवला आहे तो यंत्राच्या पाथमध्ये (यंत्र आज्ञा जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) जोडलेला नाही असे समजावे आणि आधी ते दुरुस्त करावे.

नुसते ‘नुरू’ टंकून एंटर दाबले की एकेक ओळ चालवून पाहण्याची खिडकी उघडते. एखादे गणित किंवा एखादी अट तपासायला ती उत्तम आहे, आणि तिच्यातून बाहेर पडण्यासाठी ‘तोका()’ (टी, ओ, के, ए आणि कंस) असे लिहितात. लूप मात्र तिथे लिहू नये. लूपला अनेक ओळी लागतात, त्या मागेपुढे हलवून पाहाव्या लागतात आणि चूक झाली की पूर्ण मजकूर डोळ्यांसमोर असावा लागतो. त्यासाठी फाईल हवीच. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ‘एनआर’ किंवा टिंब आणि ‘एसडब्ल्यू’ असावे लागते. फाईल चालवताना टर्मिनलमध्ये ‘नुरू’ लिहून रिकामी जागा सोडून फाईलचे पूर्ण नाव लिहावे.

फाईल लिहिण्यासाठी साधा टेक्स्ट एडिटर वापरावा. पत्रलेखनासाठी असलेल्या वर्ड प्रोसेसरमध्ये सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हे होतात आणि ओळीचे पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत जाते. मोबाईलच्या कीबोर्डवरही हेच घडते. नुरूला ‘वाकाती’ हा शब्द सगळ्या लहान अक्षरांतच कळतो. पहिले अक्षर मोठे झाले की तो शब्द राहत नाही, केवळ एक अनोळखी नाव होते. टर्मक्सवर काम करणाऱ्यांनी कीबोर्डची आपोआप दुरुस्ती आणि पहिले अक्षर मोठे करण्याची सोय आधीच बंद करून ठेवावी.

तपासणी: फाईलमध्ये आंदिका("हाबारी") एवढी एकच ओळ लिहून ती चालवावी. पडद्यावर अवतरणचिन्हांतील शब्द उमटला म्हणजे पहिला टप्पा पुरा झाला.

## टप्पा २: लागणारे शब्द आणि त्यांचे स्पेलिंग

वाकाती लूपसाठी पुढील शब्द पुरेसे आहेत.

- वाकाती, म्हणजे ‘जोपर्यंत’: डब्ल्यू, ए, के, ए, टी, आय
- कामा, म्हणजे ‘जर’: के, ए, एम, ए
- सिव्यो, म्हणजे ‘नाहीतर’: एस, आय, व्ही, वाय, ओ
- वुंजा, म्हणजे लूप मध्येच तोडणे: व्ही, यू, एन, जे, ए
- एंदेलेआ, म्हणजे ही फेरी सोडून पुढच्या फेरीला जाणे: ई, एन, डी, ई, एल, ई, ए
- आंदिका, म्हणजे पडद्यावर लिहिणे: ए, एन, डी, आय, के, ए
- जाझा, म्हणजे वापरणाऱ्याकडून मजकूर घेणे: जे, ए, झेड, ए
- क्वेली आणि सिक्वेली, म्हणजे खरे आणि खोटे: पहिला शब्द के, डब्ल्यू, ई, एल, आय, दुसऱ्याच्या आधी एस आणि आय जोडून लिहायचे

मराठी माणसाचे हात इथे ठरावीक जागी अडखळतात. आपल्या ‘व’ या एकाच अक्षरासाठी स्वाहिलीत दोन रोमन अक्षरे येतात. ‘वाकाती’ आणि ‘क्वेली’ डब्ल्यूने लिहायचे, तर ‘वुंजा’ आणि ‘सिव्यो’ व्हीने. दीर्घ उच्चार दाखवण्यासाठी मराठी नावे लिहिताना आपण दोन ए किंवा दोन ई घालतो, ती सवय इथे चालत नाही. वर दिलेल्या सर्व शब्दांत प्रत्येक स्वर एकदाच लिहिला जातो. ‘एंदेलेआ’च्या शेवटी ई आणि ए ही दोन वेगळी अक्षरे आहेत आणि घाईत त्यांतले एक हमखास गळते. ‘जाझा’मध्ये आधी जे आणि नंतर झेड येते, त्यांची अदलाबदल करू नये.

व्हेरिएबलची (किंमत साठवणाऱ्या जागेची) नावे आपल्या मर्जीची असू शकतात, पण वरच्या यादीतील शब्द त्यासाठी वापरू नयेत. पुढील नमुन्यांत मोजणीसाठी ‘इदादी’ आणि बेरजेसाठी ‘जुमला’ ही नावे घेतली आहेत.

इशारा: जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या उदाहरणांत व्हेरिएबलला पहिल्यांदा किंमत देताना आधी ‘फान्या’ हा शब्द दिसतो. हल्लीच्या आवृत्तीत तो लागत नाही. नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत एवढे पुरते. दोन्ही पद्धती एका फाईलमध्ये मिसळू नयेत.

## टप्पा ३: टंकण्याआधी कागदावर चार उत्तरे

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कोणताही वाकाती लूप लिहिण्याआधी पुढील चार प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहून काढावीत.

1. पहिल्या फेरीच्या आधी कोणत्या व्हेरिएबलची किंमत किती असेल?
2. फेरी चालू राहण्यासाठी काय खरे असले पाहिजे?
3. प्रत्येक फेरीत काय काम व्हायचे आहे?
4. प्रत्येक फेरीत कोणती गोष्ट बदलते, जिच्यामुळे दुसऱ्या प्रश्नातील अट कधीतरी खोटी होईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल तर लूप लिहायला घेऊच नये, कारण तो थांबणार नाही हे तिथेच ठरलेले असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा थांबायचे’ असे नव्हे, तर ‘केव्हा चालू राहायचे’ असे लिहायचे आहे. मनात मात्र आपण थांबण्याचाच विचार करत असतो. ‘पाचाच्या पुढे गेलो की थांबायचे’ असे मनात धरून तीच अट कंसात लिहिली, तर सुरुवातीची किंमत १ असताना ती खोटी ठरते आणि लूप एकदाही फिरत नाही. प्रोग्राम काहीही न छापता संपला तर पहिला संशय यावरच घ्यावा.

## टप्पा ४: पहिला लूप

१ ते ५ हे आकडे छापायचे आहेत. वरच्या चार प्रश्नांची उत्तरे अशी होतात: सुरुवात १ पासून, इदादी ५ किंवा त्याहून कमी असेपर्यंत चालू, काम म्हणजे छापणे, बदल म्हणजे इदादी एकाने वाढणे (‘इदादी++’).

```
इदादी = १

वाकाती (इदादी <= ५) {
    आंदिका(इदादी)
    इदादी++
}
```

अटीभोवतीचे गोल कंस आणि कामाभोवतीचे महिरपी कंस हे दोन्ही नुरूमध्ये सक्तीचे आहेत. पायथॉनमधून आलेल्यांना गोल कंस टाळायची आणि आत समास सोडला की गट झाला असे मानायची सवय असते. नुरूमध्ये समास फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतो, गट ठरतो तो महिरपी कंसांनीच. सी किंवा जावामधून आलेले लोक अर्धविरामाची काळजी करतात. ओळीच्या शेवटी तो दिला नाही तरी चालतो, पण अटीचा गोल कंस बंद झाल्यावर लगेच महिरपी कंसच यायला हवा, मध्ये अर्धविराम घालू नये.

महिरपी कंसांची जोडी आधी टंकून घ्यावी आणि मग त्यांच्या मध्ये काम भरावे. त्याचप्रमाणे मोजणी वाढवणारी ओळ छापण्याच्या ओळीच्या आधीच लिहून टाकावी. वाचायला ती खाली असली तरी लिहायला पहिली असावी, म्हणजे ती विसरली जात नाही.

तपासणी: पाच ओळींत १ ते ५ छापले गेले पाहिजेत. एकच आकडा अखंड छापला जात असेल तर कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून प्रोग्राम थांबवावा, आणि इदादी वाढवणारी ओळ महिरपी कंसाच्या आत आहे की बाहेर, ते पाहावे.

## टप्पा ५: हाताने फेऱ्या मोजणे

लूप चालला म्हणजे तो समजला असे नाही. कागदावर तीन रकाने आखावेत: फेरीच्या सुरुवातीची किंमत, अट खरी की खोटी, आणि फेरीच्या शेवटची किंमत. वरच्या लूपसाठी पहिल्या ओळीत १, खरी, २ असे येईल आणि पाचव्या ओळीत ५, खरी, ६. मग एक सहावी ओळही लिहावीच लागते: ६, खोटी. ही शेवटची ओळ लिहिण्याचा कंटाळा करू नये. अट एकूण सहा वेळा तपासली जाते आणि काम पाच वेळा होते, हे तिच्यातूनच डोळ्यांसमोर येते. लूप संपल्यानंतर इदादीची किंमत ५ नसून ६ असते. लूपच्या खाली तीच किंमत पुढच्या हिशेबात वापरणाऱ्यांचे उत्तर नेमके एकाने चुकते, ते याच कारणाने.

आता अटीतील ‘किंवा बरोबर’चे चिन्ह काढून नुसते ‘पेक्षा कमी’ ठेवावे. छापले जातील फक्त १ ते ४. दोन्ही रूपे आपापल्या जागी योग्य आहेत. १ पासून मोजताना ‘कमी किंवा बरोबर’ आणि ० पासून मोजताना ‘पेक्षा कमी’ घेतले की फेऱ्यांची संख्या अटीतल्या आकड्याएवढी होते. सुरुवात एका पद्धतीची आणि अट दुसऱ्या पद्धतीची घेतली की एक फेरी कमी किंवा जास्त होते.

इशारा: दशांश किमतींवर ‘बरोबर नाही’ अशी अट लावू नये. ०.० पासून दर फेरीत ०.१ मिळवत गेले, तर दहा फेऱ्यांनंतर यंत्रातील किंमत नेमकी १ होत नाही, ती १ च्या किंचित खाली राहते. ‘१ झालेले नाही तोपर्यंत’ अशी अट असेल तर लूप १ ला चुकवून पुढे निघून जातो आणि थांबत नाही. फेऱ्या पूर्णांकाने मोजाव्यात आणि दशांश किंमत त्या पूर्णांकावरून काढावी.

## टप्पा ६: बेरीज साठवणे

१ ते १० यांची बेरीज ५५ येते, हे उत्तर आधीच माहीत असल्यामुळे सरावासाठी हे उदाहरण चांगले आहे.

```
इदादी = १
जुमला = ०

वाकाती (इदादी <= १०) {
    जुमला = जुमला + इदादी
    इदादी++
}

आंदिका("जुमला नी", जुमला)
```

उत्तर चुकले तर त्या आकड्यावरूनच दोष ओळखता येतो. ६५ आले असेल तर इदादी वाढवणारी ओळ बेरजेच्या ओळीच्या वर गेली आहे आणि १ ते १० ऐवजी २ ते ११ यांची बेरीज झाली आहे. १० आले असेल तर जुमलाला ० देणारी ओळ लूपच्या आत शिरली आहे, त्यामुळे दर फेरीत आधीची बेरीज पुसली जाऊन शेवटी फक्त १० उरले. ४५ आले असेल तर अटीतून ‘किंवा बरोबर’ गळले आहे. आणि ५६ आले असेल तर जुमलाची सुरुवात ० ऐवजी १ ने झाली आहे. गुणाकार साठवायचा असेल तेव्हा मात्र सुरुवात १ नेच करावी लागते, कारण ० ने सुरुवात केली तर उत्तर कायम ० राहते.

शेवटच्या ओळीत मजकूर आणि आकडा यांच्यामध्ये स्वल्पविराम आहे, बेरजेचे चिन्ह नाही, हेही पाहून ठेवावे. आंदिकाला स्वल्पविरामाने कितीही गोष्टी देता येतात आणि ती त्या मध्ये जागा सोडून छापते. ही ओळ महिरपी कंसाच्या बाहेर आहे. आत घातली तर दर फेरीला अपुरी बेरीज छापली जाईल. दोष शोधताना मुद्दाम तसे करून पाहणे उपयोगी पडते, काम झाल्यावर ती ओळ पुन्हा बाहेर काढावी.

## टप्पा ७: वुंजाने लूप तोडणे

कधी कधी किती फेऱ्या लागतील हे आधी सांगता येत नाही. ज्याचा वर्ग २०० पेक्षा मोठा आहे असा सर्वांत लहान पूर्णांक शोधायचा आहे असे समजू.

```
इदादी = १

वाकाती (क्वेली) {
    कामा (इदादी * इदादी > २००) {
        वुंजा
    }
    इदादी++
}

आंदिका(इदादी)
```

उत्तर १५ येते, कारण १४ चा वर्ग १९६ आणि १५ चा वर्ग २२५ आहे. कंसात ‘क्वेली’ लिहिल्यामुळे अट कायम खरी आहे आणि बाहेर पडण्याची एकमेव वाट वुंजाची आहे. म्हणून अशा लूपमध्ये वुंजाची ओळ सर्वांत आधी लिहावी. तपासणी वाढीच्या आधी ठेवली आहे, त्यालाही कारण आहे. सुरुवातीचीच किंमत अट पुरी करणारी असेल, उदाहरणार्थ १५, तर वाढ आधी केल्यास उत्तर १६ येईल आणि चूक लक्षातही येणार नाही.

हेच काम ‘वर्ग २०० किंवा कमी असेपर्यंत’ अशी सरळ अट लिहूनही होते, आणि एकच थांबण्याची जागा असेल तेव्हा तीच पद्धत अधिक चांगली आहे. कायम खरी अट आणि वुंजा यांची जोडी फेरीच्या मध्येच थांबावे लागते अशा कामांसाठी राखून ठेवावी.

## टप्पा ८: एंदेलेआ, जिथे सर्वाधिक लूप अडकतात

एंदेलेआ म्हणजे फेरीतल्या खालच्या सर्व ओळी सोडून पुन्हा अटीकडे जाणे. ‘सर्व ओळी’ यात मोजणी वाढवणारी ओळही आली. १ ते १० पैकी तिनाने भाग जाणारे आकडे वगळून बाकीचे छापायचे आहेत, त्यासाठी बहुतेक जण पहिल्यांदा असे लिहितात.

```
इदादी = १

वाकाती (इदादी <= १०) {
    कामा (इदादी % ३ == ०) {
        एंदेलेआ
    }
    आंदिका(इदादी)
    इदादी++
}
```

इथे ‘%’ म्हणजे भागाकारातील बाकी आणि ‘==’ म्हणजे ‘बरोबर आहे का’. हा प्रोग्राम १ आणि २ छापतो आणि मग गप्प बसतो. तो बंद पडलेला नसतो. इदादी ३ झाल्यावर एंदेलेआ चालते, खालची वाढीची ओळ गाळली जाते, अट पुन्हा तपासली जाते, ३ अजूनही १० पेक्षा कमीच असतो आणि पुन्हा एंदेलेआ चालते. पडद्यावर काही हलत नसल्यामुळे यंत्र हळू आहे असे समजून लोक वाट पाहत बसतात. थोडे छापून शांत झालेला लूप दिसला की कंट्रोल आणि सी दाबून प्रोग्राम थांबवावा आणि एंदेलेआच्या खाली वाढीची ओळ राहिली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

यावर वाढीची ओळ उचलून लूपच्या अगदी वर ठेवणे हा अर्धाच उपाय आहे. तेवढेच केले तर २, ४, ५, ७, ८, १०, ११ असे आकडे छापले जातात. १ गेला आणि ११ आला. वाढ वर नेली की सुरुवात आणि अट हे दोन्हीही बदलावे लागतात.

```
इदादी = ०

वाकाती (इदादी < १०) {
    इदादी++
    कामा (इदादी % ३ == ०) {
        एंदेलेआ
    }
    आंदिका(इदादी)
}
```

आता १, २, ४, ५, ७, ८, १० असे बरोबर उत्तर मिळते. ‘वर’ आणि ‘खाली’ यांतला फरक इथे हाताने तक्ता मांडूनच पटवून घ्यावा. पाचव्या टप्प्यातील तीन रकान्यांना ‘छापले का’ असा चौथा रकाना जोडावा आणि निदान ४ पर्यंतच्या फेऱ्या तरी लिहून काढाव्यात.

नवख्या माणसाने मात्र इथे एंदेलेआ वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अट उलटी करून (‘==’ ऐवजी ‘!=’, म्हणजे ‘बरोबर नाही’) छापण्याची ओळ ‘कामा’च्या आत घातली की काम भागते.

```
इदादी = १

वाकाती (इदादी <= १०) {
    कामा (इदादी % ३ != ०) {
        आंदिका(इदादी)
    }
    इदादी++
}
```

यात वाढीची ओळ प्रत्येक फेरीला चालते, ती गाळली जाण्याची शक्यताच उरत नाही आणि सुरुवात व अट सरळ वाचता येतात. वगळण्याची कारणे तीन-चार झाली आणि ‘कामा’च्या आत ‘कामा’ अशी उतरंड होऊ लागली, की मग एंदेलेआकडे वळावे.

तपासणी: तिन्ही रूपे चालवून पाहावीत, पहिलेसुद्धा. लूप अडकलेला कसा दिसतो ते स्वतः एकदा पाहिलेले असले की पुढे ओळखायला वेळ लागत नाही.

## टप्पा ९: वापरणाऱ्याकडून उत्तर घेणारा लूप

परवलीचा शब्द विचारायचा आणि जास्तीत जास्त तीन संधी द्यायच्या, असे काम घेऊ. परवलीचा शब्द ‘बाहारी’ आहे, आणि माजारिबियो हे व्हेरिएबल किती प्रयत्न झाले ते मोजते.

```
नेनो = जाझा("नेनो ला सिरी: ")
माजारिबियो = १

वाकाती (नेनो != "बाहारी" && माजारिबियो < ३) {
    नेनो = जाझा("जारिबू तेना: ")
    माजारिबियो++
}

कामा (नेनो == "बाहारी") {
    आंदिका("कारिबू")
} सिव्यो {
    आंदिका("सामाहानी")
}
```

पहिला प्रश्न लूपच्या बाहेर आहे, कारण अट तपासण्यासाठी नेनोमध्ये काहीतरी असावेच लागते. तो प्रयत्न मोजला जावा म्हणून माजारिबियोची सुरुवात १ ने होते. दुसरा प्रश्न लूपच्या आत आहे. तो विसरला तर वापरणाऱ्याला पुन्हा न विचारताच लूप तीन प्रयत्न मोजून मोकळा होतो.

दोन अटी ‘आणि’ने (&&) जोडायच्या की ‘किंवा’ने, याचा गोंधळ इथे नेहमी होतो. बोलताना आपण म्हणतो, ‘शब्द बरोबर आला किंवा तीन प्रयत्न संपले की थांब.’ त्यातला ‘किंवा’ थांबण्याच्या वाक्यातला आहे. वाकातीच्या कंसात चालू राहण्याचे वाक्य लिहायचे असते, आणि ते होते ‘शब्द चुकीचा आहे आणि प्रयत्न शिल्लक आहेत तोपर्यंत’. कंसात ‘किंवा’ लिहिले, तर पहिल्याच प्रयत्नात बरोबर शब्द देणाऱ्यालाही पुन्हा विचारले जाईल, आणि तीन वेळा चुकलेल्याला अमर्याद संधी मिळत राहतील.

लूपनंतरची तपासणी शब्दावर केली आहे, प्रयत्नांच्या संख्येवर नाही. ‘माजारिबियो ३ झाले म्हणजे हरला’ असे लिहिले, तर तिसऱ्या प्रयत्नात बरोबर शब्द देणाराही बाहेर ठेवला जाईल. एकाहून अधिक कारणांनी थांबू शकणाऱ्या लूपनंतर तो कोणत्या कारणाने थांबला, हे नेमके विचारावे लागते.

इशारा: जाझाकडून येणारी गोष्ट नेहमी मजकूर असते, वापरणाऱ्याने आकडा टंकला तरीही. तिची तुलना अवतरणचिन्हांतील मजकुराशीच करावी. अवतरणचिन्हांत नसलेल्या आकड्याशी तुलना केली तर दोन्ही जुळणार नाहीत. शब्दाच्या शेवटी टंकलेली रिकामी जागाही मजकुराचा भाग असते. बरोबर शब्द नाकारला जात असेल तर ती पाहावी.

## टप्पा १०: लूपच्या आत लूप

आधीचे टप्पे हातात बसल्याशिवाय इकडे वळू नये. खालील नमुना १ ते ३ च्या पाढ्यांचे पहिले चार गुणाकार छापतो. इथे ‘म्स्तारी’ हे नाव आडव्या ओळीसाठी आणि ‘साफू’ हे उभ्या रकान्यासाठी घेतले आहे.

```
म्स्तारी = १

वाकाती (म्स्तारी <= ३) {
    साफू = १
    वाकाती (साफू <= ४) {
        आंदिका(म्स्तारी, साफू, म्स्तारी * साफू)
        साफू++
    }
    म्स्तारी++
}
```

बारा ओळी छापल्या गेल्या पाहिजेत. चारच छापल्या गेल्या तर त्या कोणत्या आहेत ते पाहावे. चारही १ च्या पाढ्याच्या असतील, तर साफूला १ देणारी ओळ बाहेरच्या लूपच्या वर राहिली आहे. पहिल्या खेपेला साफू ५ पर्यंत पोहोचते, पुन्हा १ होत नाही आणि पुढच्या दोन खेपांना आतला लूप एकदाही फिरत नाही. गुणाकार १, ४, ९, १६ असे आले असतील, तर म्स्तारी वाढवणारी ओळ आतल्या महिरपी कंसात शिरली आहे, त्यामुळे दोन्ही मोजण्या एकत्र वाढत गेल्या. आतल्या मोजणीची सुरुवात बाहेरच्या लूपच्या आत आणि आतल्या लूपच्या वर असावी, आणि बाहेरच्या मोजणीची वाढ आतल्या लूपचा कंस बंद झाल्यानंतर असावी.

आतल्या लूपमध्ये वुंजा वापरायचे असेल तर आधी चार ओळींचा छोटा प्रोग्राम लिहून आपल्या आवृत्तीवर फक्त आतला लूप थांबतो ना, हे पाहून घ्यावे. दोन्ही लूप एकदम थांबवायचे असतील तर एक वेगळे व्हेरिएबल घेऊन त्याला सुरुवातीला क्वेली ही किंमत द्यावी, दोन्ही अटींत ते ‘आणि’ने जोडावे आणि थांबायची वेळ आली की त्यात सिक्वेली भरावे.

## लूप बिघडल्यावर तपासण्याचा क्रम

चूक दाखवणारा संदेश आला असेल तर त्यातील ‘म्स्तारी’ या शब्दापुढचा आकडा हा ओळीचा क्रमांक असतो. ती ओळ आणि तिच्या वरची ओळ अशा दोन्ही पाहाव्यात, कारण न मिटलेला कंस बहुतेक वेळा वरच्या ओळीत असतो आणि इंटरप्रिटरला तो खाली गेल्यावर कळतो. कंस जुळत असतील तर शब्दांचे स्पेलिंग अक्षरवार ताडून पाहावे, विशेषतः डब्ल्यू आणि व्ही.

संदेश न येता लूप अखंड फिरत असेल, तर लूपच्या आत पहिलीच ओळ म्हणून अटीत असलेले प्रत्येक व्हेरिएबल छापणारी आंदिकाची ओळ घालावी आणि दोन-तीन सेकंदांत प्रोग्राम थांबवावा. किंमत बदलतच नसेल तर वाढीची ओळ बाहेर आहे, गाळली जात आहे किंवा दुसऱ्याच नावाचे व्हेरिएबल वाढवत आहे. किंमत बदलते पण उलट दिशेने जाते, असेही होते. वाढवायच्या जागी घट लिहिलेली असते. किंमत योग्य दिशेने जाऊन सीमा ओलांडत असेल तर अटीत ‘बरोबर नाही’ आहे का ते पाहून त्याजागी ‘पेक्षा कमी’ घालावे.

लूप एकदाही फिरत नसेल तर अट उलटी आहे का हे आधी पाहावे, आणि नंतर सुरुवातीची किंमत. फेऱ्या एकाने कमी-जास्त होत असतील तर सुरुवात, अटीतील चिन्ह आणि वाढीची जागा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. त्यांतली एकच बदलून पाहायची, चालले नाही तर दुसरी, असे करत गेल्यास कधीतरी उत्तर योगायोगाने जुळते आणि सीमेचा आकडा बदलताच पुन्हा चुकते. म्हणून दुरुस्ती झाल्यावर अटीतील आकडा ० आणि १ करून लूप चालवून पाहावा. ० दिल्यावर लूप एकदाही फिरता कामा नये आणि १ दिल्यावर नेमका एकदाच फिरला पाहिजे.